कुणाशी खेळणार, ते आधी सांगा

प्रति,
अमेरिकेतल्या इनडोअर फुटबॉलच्या लहान लीगांचे चालक, आजी-माजी संघमालक, आणि यंदा संघ विकत घ्यायला निघालेले डॉक्टर, मोटारींचे डीलर वगैरे हौशी मंडळी यांस

विषय : तुमची लीग खरी की त्यांची, या भांडणातून आम्हाला मोकळं करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्यापैकी बहुतेकांना वाचता येणार नाही. इंग्रजीत मी आतापर्यंत चार पत्रं लिहिली. दोनांना उत्तर आलं नाही. एक परत आलं, कारण त्या पत्त्यावरचं ऑफिस उठून गेलं होतं. चौथ्याच्या उत्तरादाखल टी-शर्टवर वीस टक्के सवलतीचं कूपन आलं. तेव्हा आता ज्या भाषेत मला नीट भांडता येतं, त्या भाषेत लिहिते.

दुसरंही एक कारण आहे. इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला आमच्या ओळखीतले एक डॉक्टर तिळगुळाच्या ताटापाशी मला गाठून म्हणाले, "वहिनी, तुम्ही हिशेबातल्या, आणि तुम्हाला त्या खेळाचा नादही आहे. गावात नवा संघ येतोय. दहा टक्के भागीदारी देतायत. घेऊ का?" मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात हळदीकुंकवाला हाक आली. माझं उत्तर अर्धंच राहिलं. उरलेलं इथे देते. तुम्ही नाही वाचलंत तरी डॉक्टर वाचतील.

मी मूळची कोल्हापूरची. कुठल्या पेठेतली ते सांगत नाही, नाहीतर अर्धे वाचक इथेच पत्र ठेवून देतील. आमच्या घरात फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम. भाऊ सामन्याहून आला की त्याच्या चपलेच्या आवाजावरून आई ओळखायची, आज जेवणार की तसाच झोपणार. मला तिथे फारसं जायला मिळालं नाही. पोरीबाळींनी त्या गर्दीत जायचं नाही असा तेव्हाचा कायदा. ती हौस लग्नानंतर फिटली, तीही भलत्याच देशात आणि भलत्याच फुटबॉलवर. मी राहते ते गाव मध्य-पश्चिम अमेरिकेत आहे, चहूकडे मका आणि मधोमध आइस हॉकीचं एक बंदिस्त स्टेडियम. गावाचं आणि संघाचं नाव लिहीत नाही. त्या संघातली काही पोरं अजून याच गावात नोकरी करतात, त्यांना उगीच कशाला.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडं सांगते. हा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात धरून धडका घ्यायचा अमेरिकन फुटबॉल, फक्त छपराखालचा. १९८१ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जिम फॉस्टर नावाचे गृहस्थ इनडोअर सॉकरचा सामना बघत बसले होते. हे आपल्या फुटबॉललाही जमेल, असं त्यांच्या मनात आलं आणि हातातल्या कागदी पाकिटावरच त्यांनी मैदान आखलं. हॉकीचं रिंगण २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. त्यात बसेल असं ५० यार्डांचं मैदान, अकराच्या जागी आठ खेळाडू, कडेला गाद्या लावलेल्या भिंती आणि गोलखांबांच्या दोन्ही अंगांना ताणलेली जाळी. जाळीवर आपटून चेंडू परत आला तरी खेळ चालूच. १९८७ मध्ये चार संघांवर अरीना फुटबॉल लीग सुरू झाली. त्या जाळीच्या खेळाचं पेटंट १९९० मध्ये मिळालं आणि ते संपलं २००७ मध्ये. तोवर दुसऱ्या कुणाला जाळी लावायची सोय नव्हती. म्हणून बाकीच्यांनी आपल्या खेळाला 'इनडोअर' म्हणायचं आणि यांनी आपल्याला 'अरीना'. खेळ बघायला गेलं तर एकच, पण त्या एका जाळीवरून जे सोवळंओवळं सुरू झालं ते पेटंट संपलं तरी संपलेलं नाही.

पहिल्या रांगेत बसलं की भिंतीची गादी गुडघ्याला लागते. सव्वाशे किलोचा माणूस त्या गादीवर आदळला की आपल्या दाढा हलतात. एकदा एक पोरगा चेंडूमागे धावत येऊन सरळ भिंतीवरून माझ्या मांडीवर उताणा पडला. घामाचा आणि रबराचा वास, माझे नाचो त्याच्या हेल्मेटच्या जाळीत अडकलेले. "सॉरी मॅम," म्हणाला आणि उठून गेला. पुढच्याच खेळीत त्याने गुण घेतले आणि माझ्याकडे बोट केलं. त्या दिवसापासून तो संघ माझा झाला. मोठ्या लीगच्या, म्हणजे एनएफएलच्या, तिकिटाला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात आम्ही तिघं अख्खा हंगाम बघायचो. प्रेक्षकांत आलेला चेंडू आपला, तो परत द्यायचा नाही. आमच्या घरी असे तीन आहेत.

आता एका म्हाताऱ्याबद्दल.

आमच्या गावापासून शंभर मैलांवर दुसरं एक गाव आहे. तसंच मक्यातलं, तसंच हॉकीचं स्टेडियम असलेलं, आमच्यापेक्षा किंचित मोठं आणि त्याचा भलता गर्व असलेलं. त्यांचा संघ आला की त्यांच्या दोन बसगाड्या यायच्या. त्यांत एक सत्तरीचा निवृत्त शेतकरी असायचा, हातात गाईच्या गळ्यातली घंटा घेऊन. ही घंटा तो आमच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या गड्याने, चेंडू हातात घेतला की वाजवायला लागायचा. पहिल्या वर्षी मी त्याला म्हटलं, तुमची गाय हरवली असेल तर बाहेर जाऊन शोधा. तो म्हणाला, "तुमचा क्वार्टरबॅक हा पोस्टमन आहे, कुणाच्याही घरी टाकतो." आणि खरंच पुढचा चेंडू त्यांच्या माणसाच्या हातात गेला. दुसऱ्या वर्षी मी चकल्या नेल्या. यात विष नाही ना, अशी चौकशी करून त्याने घंटा काखेत धरून चार खाल्ल्या. मग रिवाजच पडला. सहा वर्षं आम्ही वर्षातून दोनदा एकमेकांची आईबहीण सोडून बाकी सगळं काढायचो. तो आमच्या गावच्या पाण्याला नावं ठेवायचा, मी त्यांच्या बचावफळीला. "आमच्या चौकातला सिग्नल तुमच्या पोरांपेक्षा जास्त माणसं अडवतो," या माझ्या वाक्यावर तो इतका खूश झाला की पुढच्या वर्षी त्याने ते स्वतःच्या नावावर खपवलं.

मंडळी, तुमच्या धंद्यातली सगळ्यात मोलाची मालमत्ता ही आहे. गणवेश, चिन्ह किंवा खेळाडू जिच्यातून धावत येतात ती धूर सोडणारी फुगवलेली गुहा या सगळ्या भाड्याने मिळणाऱ्या वस्तू आहेत. शंभर मैलांवरचं एक गाव, ज्याच्याशी हरलं की सोमवारी ऑफिसात तोंड लपवावं लागतं, ते भाड्याने मिळत नाही. ते मुरायला वर्षं लागतात, लोणच्यासारखं.

सातव्या वर्षी आमच्या मालकाने मोठी घोषणा केली. आपण आता नव्या, मोठ्या, राष्ट्रीय लीगमध्ये जातोय. सामने टीव्हीवर येणार. हजार मैलांवरची गावं आपल्याशी खेळायला येणार. शंभर मैलांवरचं गाव मात्र जुन्याच लीगमध्ये राहिलं. म्हणजे ज्या एका सामन्याला स्टेडियम भरायचं तोच सामना मालकाने स्वतःच्या हाताने खोडला, आणि त्या जागी अशा गावचा संघ आणला ज्याचा राग यावा असं आमच्याकडे काहीच नव्हतं. मला ते गाव नकाशावर शोधावं लागलं.

आणि मग आम्ही प्रेक्षकांनी जे केलं त्याची मला लाज वाटते. आम्ही खेळावरून भांडायचं सोडून लीगवरून भांडायला लागलो. तुमची लीग कागदावरची, आमची खरी. तुमच्यात जाळी नाही, आमच्यात आहे. तुमच्याकडे ते बुडाले, आमच्याकडे हे बुडाले. दुसऱ्या लीगमधला संघ बंद पडल्याची बातमी आली की पेढे वाटावेत तसा आनंद. त्या ऑगस्टमध्ये राज्याच्या जत्रेत मला घंटेवाला भेटला. लिंबू सरबताच्या रांगेत. तो म्हणाला, तुमच्या मालकाने तुम्हाला टोपी घातलीय. मी म्हटलं, "तुमची लीग म्हणजे वृद्धाश्रम." हे मी चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला म्हटलं. तो काही बोलला नाही, सरबत घेऊन गेला. सहा वर्षं इतकं काय काय बोललो त्यातलं त्याला काही लागलं नव्हतं. हे लागलं.

आमचा संघ त्या हंगामात पाच घरचे सामने खेळला. जाहीर झाले होते आठ. सहाव्याला आम्ही गाडी पार्क करत होतो तेव्हा फोनवर निरोप आला की 'प्रवासातील अडचणींमुळे' सामना पुढे ढकलला आहे. तो पुढे कुठे ढकलला ते आजवर कळलेलं नाही. खेळाडू ज्या मोटेलात राहत होते तिथल्या बिलाचं काय झालं, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. आमच्या हंगामी तिकिटांतले तीन सामन्यांचे पैसे बुडाले. तेवढ्याने मी काही भिकेला लागले नाही. पण जो पोरगा माझ्या मांडीवर पडला होता, त्याने खांदा निखळल्यावर दवाखान्याचं बिल भरायला गावातल्या दुकानात रात्रपाळीने माल लावायला सुरुवात केली. तुमच्या जाहिरातीत तुम्ही कर्ट वॉर्नरची गोष्ट सांगता: आयोवात किराणा दुकानात फळ्या भरणारा माणूस आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून खेळला आणि पुढे २००० साली सुपर बोलचा, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याचा, मानकरी झाला. गोष्ट खरी आहे आणि मलाही आवडते. पण तुमच्याकडे खेळून नंतर फळ्या भरायला गेलेली पोरं किती, ते कुठल्या जाहिरातीत येत नाही.

पुढच्या हिवाळ्यात शंभर मैलांवरचा संघही बंद पडला. त्यांना खेळायला जवळपास कुणी उरलंच नव्हतं. एवढ्या लांबच्या बसभाड्यात संपले. आणि आमच्या मैदानाच्या हिरव्या सतरंजीचं सांगते. ती पट्ट्यापट्ट्यांची असते, बर्फावर फळ्या टाकून त्यांवर अंथरतात. गेल्या वर्षी मुलाच्या मित्राच्या वाढदिवसाला एका मिनी गोल्फच्या हॉलमध्ये गेले होते. सातव्या भोकापाशी पायाखाली पांढरी रेघ आणि अर्धा कापलेला वीसचा आकडा दिसला. मुलगा म्हणाला, "आई, इथेच तो तुझ्यावर पडला होता." बरोबर होतं त्याचं.

हे आमच्याच नशिबी आलं असं मला सुरुवातीला वाटायचं. मग हिशेबाच्या सवयीने मी जुनं वाचायला घेतलं. फ्लोरिडात टँपा आणि ऑर्लँडो ही दोन शहरं इंटरस्टेट ४ या हमरस्त्याने जोडलेली. टँपा बे स्टॉर्म आणि ऑर्लँडो प्रिडेटर्स यांच्या सामन्याला लोक 'आय-फोरवरचं युद्ध' म्हणायचे. या खेळातली सगळ्यात मुरलेली दुश्मनी ती. टँपाचा संघ म्हणजे १९८७ च्या मूळ चारांपैकी पिट्सबर्गचा, १९९१ मध्ये फ्लोरिडात आलेला, पाच वेळचा विजेता. २०१६ च्या शेवटाला ऑर्लँडो बंद झालं. २०१७ च्या डिसेंबरात टँपानेही दुकान गुंडाळलं. एक पाय काढला की दुसऱ्यावर टेबल किती वेळ उभं राहणार?

ऑल्बनीचं तर पुराणच आहे. न्यूयॉर्क राज्याची राजधानी, तिथे १९९० मध्ये नवं बंदिस्त स्टेडियम उघडलं आणि त्याच वर्षी ऑल्बनी फायरबर्ड्स आले. १९९९ मध्ये विजेते. २००१ मध्ये संघ उचलून इंडियानापोलिसला नेला. मग खालच्या दर्जाच्या लीगचा संघ आला, तो २००९ मध्ये त्या लीगबरोबर संपला. २०१८ मध्ये पुन्हा अरीना फुटबॉल लीगचा संघ, ऑल्बनी एम्पायर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी घरच्या मैदानावर, बारा हजार लोकांसमोर विजेतेपद घेतलं, आणि नोव्हेंबरात अख्खी लीगच दिवाळखोरीत गेली. २०२१ मध्ये त्याच नावाने दुसऱ्या लीगमध्ये उभे राहिले, २०२१ आणि २०२२ अशी दोन्ही वर्षं जिंकली. २०२३ मध्ये मालकी अँटोनियो ब्राऊनकडे आली. हा एनएफएलमधला नावाजलेला खेळाडू, आणि त्याचे वडील एडी ब्राऊन हे याच ऑल्बनीचे, फायरबर्ड्सच्या काळातले दैवत. याहून चांगली पटकथा कुणाला सुचणार नाही. जूनमध्ये, हंगाम चालू असताना, लीगने थकबाकीचं कारण देऊन संघाला काढून टाकलं. २०२४ मध्ये पुन्हा फायरबर्ड्स, पुन्हा नवी लीग. मधल्या काळात स्टेडियमचं नावही निकरबॉकर, पेप्सी, टाइम्स युनियन आणि एमव्हीपी असं तीन वेळा बदललं. तरीही ऑल्बनीचे लोक येतात. प्रत्येक वेळी. प्रेक्षक टिकत नाहीत म्हणून आम्ही बुडालो, असं यापुढे कुणी मालक म्हणाला तर त्याला ऑल्बनीला नेऊन बसवा.

ती २०२४ ची नवी लीग म्हणजे जुन्याच अरीना फुटबॉल लीगच्या नावाचं पुनरुज्जीवन. सोळा संघांची घोषणा झाली होती. एप्रिलअखेर खेळ सुरू झाला आणि पहिल्या काही आठवड्यांतच पैशांवरून ओरड, रद्द सामने, गळणारे संघ. मिनेसोटाचा संघ मेच्या पहिल्या पंधरवड्यातच गेला, आयोवाचाही हंगाम पुरा झाला नाही. मेमध्ये आयुक्त हटवले गेले आणि त्यांच्या जागी एनएफएलचे माजी प्रशिक्षक जेफ फिशर आले. उरलेल्यांनी कसाबसा हंगाम रेटला. अंतिम सामना न्यू जर्सीतल्या एका मॉलमध्ये झाला, त्यात बिलिंग्जने ऑल्बनीला हरवलं. खोटं नव्हे, मॉलमध्ये. त्यानंतर काही महिन्यांत फिशर आणि बरेचसे संघ बाहेर पडले आणि त्यांनी आणखी एक नवी लीग काढली.

नवी लीग काढणं हा या धंद्यातला रोगही आहे आणि त्यावरचं औषधही तेच. देणी जुन्या नावावर राहतात आणि चिन्ह नवं होतं. आणि चिन्ह नवं झालं की आम्ही पुन्हा भांडायला मोकळे.

आता थोडं हिशेबाचं, कारण डॉक्टरांनी ते विचारलं होतं. संघाच्या खर्चाला चुकवता येत नाही असे रकाने मोजकेच: स्टेडियमचं भाडं, विमा, प्रवास, खेळाडूंचं राहणं-खाणं-मानधन, पंच. यातला कामगार भरपाईचा विमा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महाग, कारण धडका घेणाऱ्या माणसांचा विमा स्वस्तात कोण देईल? म्हणून चालढकल होते ती इथेच. उत्पन्नाला तिकिटं, भिंतीवरच्या जाहिराती आणि टी-शर्ट. बिअरचे पैसे बहुतेक ठिकाणी स्टेडियमवाल्यांच्या गल्ल्यात जातात. म्हणजे खर्च हंगामाच्या आधी आणि मिळकत हंगामात. मधली दरी ज्याच्याकडे स्वतःचे पैसे आहेत तोच ओलांडू शकतो. जो पहिल्या सामन्याच्या गल्ल्यातून दुसऱ्या सामन्याची बस ठरवणार आहे, त्याचा संघ पहिल्या पावसाळी शनिवारी बसतो. यात गूढ काही नाही. आमच्या पेठेतली गणेश मंडळंही वर्गणी जमल्याशिवाय मांडववाल्याला होकार देत नाहीत.

आणि मानधन. मोठ्या म्हणवणाऱ्या अरीना लीगमध्येही २०१२ साली एका सामन्याचे ४०० डॉलर मिळायचे. त्या वर्षी हंगामाच्या पहिल्याच सामन्याआधी, ऑर्लँडोतल्या एका रेस्टॉरंटात जेवायला बसलेल्या पिट्सबर्गच्या खेळाडूंना मालकाने संपाच्या वादातून तिथेच कामावरून काढलं.  तुमच्यातल्या काहींना ती गोष्ट मर्दुमकीची वाटते, मी एकाला हसत सांगताना ऐकलंय.

कोल्हापूरशी तुलना करणं तितकंसं बरोबर नाही, हे भाऊ मला फोनवर बजावतो. तिथे हुल्लडबाजी होते, दगड उडतात, स्पर्धा थांबवाव्या लागल्यात. मान्य. पण शिवाजी तरुण मंडळ काय, पाटाकडील तालीम काय, या तिथल्या संघांची दुश्मनी माझ्या आजोबांच्या तोंडी होती आणि भाच्याच्याही आहे. त्याचं कारण साधं आहे. तालीम पेठेतच असते. तिला कुणी रातोरात उचलून इचलकरंजीला नेत नाही आणि 'आता आपण राष्ट्रीय झालो, समोरच्या पेठेशी खेळणार नाही' असं म्हणण्याची कुणाची छाती नाही. म्हटलंच तर त्याला सकाळचा चहा पेठेत मिळणार नाही. तुम्हाला चहा कुठे प्यायचाय? तुमच्यातले अर्धे मालक दुसऱ्याच राज्यात राहतात.

मधेच माझ्यासारख्या बाकीच्या प्रेक्षकांनाही दोन शब्द सांगायचेत, मालकांनी तेवढं पाणी पिऊन यावं. बायांनो आणि बाबांनो, विम्याचं काय, असं विचारणाऱ्याला आपण 'संघाचा द्वेष्टा' म्हणतो. थकलेल्या पगाराची बातमी देणाऱ्याला 'दुसऱ्या लीगचा माणूस' म्हणतो. मी स्वतः म्हटलंय. मालकाला यापेक्षा स्वस्तात पहारेकरी कुठे मिळणार? पैसे आपले, शिव्याही आपल्याच, आणि त्याच्या दारावर पहारा. शंभर मैलांवरच्या गावाला हव्या तेवढ्या शिव्या द्या, ती तर मजा आहे. पण त्यांचा संघ बंद पडला म्हणून नाचू नका. पुढच्या वर्षी शिव्या कुणाला देणार?

तर डॉक्टर, तुमच्या दहा टक्क्यांबद्दल. पैसे बुडतील का, हा प्रश्न मी तुम्हाला विचारणार नाही. तुम्ही याहून जास्त पैसे बोटीवर घालवलेत. तुम्ही त्यांच्याकडून चिन्ह बघू नका, करार बघा. स्टेडियमचं भाडं किती सामन्यांचं भरलंय ती पावती बघा. विम्याचा कागद बघा, नुसता 'प्रक्रियेत आहे' असा मेल चालणार नाही. पूर्ण हंगामाच्या प्रवासाचे पैसे तिसऱ्याच कुणाच्या ताब्यात ठेवलेत का, ते विचारा. प्रत्येक संघाने ठेवलेत का, तेही विचारा, कारण तुमचा संघ कितीही धडधाकट असला तरी समोरचा आला नाही तर तुम्ही रिकाम्या सतरंजीवर उभे. आणि वेळापत्रक मागा. त्यात गाडीने जाऊन रात्री घरी परत येता येईल असं गाव किती वेळा येतं ते मोजा. एकदाही येत नसेल तर तिळगूळ खा आणि घरी जा.

मालक मंडळी, तुमच्याकडे माझं मागणं याहून वेगळं नाही. लीग कुठलीही असू दे. जाळी लावा नाहीतर काढा. दोन लीगांमधल्या जवळच्या गावांना निदान एक सामना एकमेकांशी खेळू द्या. लीग वेगळ्या म्हणून अडत असेल तर त्याला मैत्रीपूर्ण म्हणा, सराव म्हणा, धर्मादाय म्हणा, आम्ही मैत्री अजिबात करणार नाही याची खात्री बाळगा. हंगाम आठ सामन्यांचा परवडत नसेल तर पाचांचा जाहीर करा आणि पाच खेळा. आणि बंद करायचंच झालं तर पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या माणसांना फोनवर 'प्रवासातील अडचणी' सांगू नका. बाहेर येऊन सांगा. आम्ही ओरडू, पण ऐकून घेऊ.

घंटेवाला आता शहात्तरचा असेल किंवा त्याहून मोठा, मी वर्षांचा हिशेब मुद्दाम करत नाही. त्याचा फोन नंबर माझ्याकडे कधीच नव्हता. गरजच पडली नाही, वर्षातून दोनदा तो समोर असायचाच.

आपली,
एक माजी हंगामी तिकीटधारक
रांग पहिली, खुर्ची अकरा

ता. क. : हे पत्र संपवत होते तेवढ्यात नव्या संघाचा मेल आला. 'इतिहासाचा भाग व्हा, फक्त पन्नास डॉलरमध्ये आपली खुर्ची राखून ठेवा.' खाली चिन्ह आहे, दात विचकलेलं कुठलंसं जनावर. स्टेडियमचं नाव नाही, लीगचं नाव 'लवकरच' आहे. मी एका ओळीचं उत्तर पाठवलं, कुणाशी खेळणार? दुसऱ्या मिनिटाला आपोआप येणारा मेल आला, आपल्या उत्साहाबद्दल आभार. माणसाचं उत्तर अजून यायचंय.